कोजागरीच्या आठवड्यात वर बघावं

पौर्णिमेच्या आठवड्यात तारे बघायला बसू नये, असं हौशी आकाशनिरीक्षक सांगतात. चांदण्यात आकाशगंगा पुसली जाते, हे खरंच. पण कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर पायी निघणाऱ्या भाविकांचा विचार केला की मला उलटंच वाटतं. बारीक तारे लोपले की ठळक तेवढे उरतात, आणि नवख्याला तेच सोयीचं. चंद्र तेव्हा अश्विनी नक्षत्राच्या आसपास असतो; रोज साधारण 13 अंश पूर्वेला सरकत दोनेक दिवसांत कृत्तिकांपाशी, मग रोहिणीपाशी पोचतो. पंचांग असं उघड्या डोळ्यांनी पडताळता येतं, दुर्बीण लागत नाही. तुळजापूर 18 अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून सुमारे 18 अंशच वर : हात लांब करून एकावर एक धरलेल्या जेमतेम दोन मुठी. वाट उत्तरेची, त्यामुळे तो समोरच. पहाटे मात्र मागे वळावं. दक्षिणेला अगस्त्य दिसतो, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आणि ध्रुवापेक्षा कितीतरी तेजस्वी. (ध्रुव सर्वांत तेजस्वी, हा समज तिथेच मोडतो.) देवीच्या वाटेवर तारे कशाला, असं कुणी म्हणेल, पण यात्रेची तिथी चंद्रानेच ठरते ना? खरी अडचण रस्त्यालगतच्या हॅलोजनची. त्यासाठी मंडपापासून शंभरेक पावलं आत, शेताच्या बांधावर जावं.