विचाराधीन

आमच्यापैकी एकीची मावसबहीण गेली बावीस वर्षे अमेरिकेत आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिसमुळे तिची नोकरी सुटली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिने अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केला. १ ऑक्टोबरला तिथले सरकार 'बंद' झाले. त्या आठवड्यात ताईचा फोन आला तेव्हा, मराठी शिकवणाऱ्यांच्या खोडीने, आम्ही दोघेही आधी शब्दावरच अडलो. संपात कामगार काम नाकारतो. टाळेबंदीत मालक कुलूप घालतो. इथे या दोन्हींपैकी काहीच घडलेले नव्हते. काँग्रेसने खर्चाला मंजुरी दिली नाही, सबब कर्मचाऱ्याने कामावर येणे हाच कायदेभंग! मूळ कायदा १८८४ चा. पण १९८० मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा कठोर अर्थ लावेपर्यंत मंजुरी लांबली तरी कचेऱ्या बहुधा चालूच राहत. एका अर्थनिर्णयाने एवढी उलथापालथ व्हावी, हे आम्हा टीकाव्यवसायातल्या लोकांना हेवा वाटण्याजोगेच.

"शेजारणीचे पैसे तर वेळेवर आले," ताई म्हणाली, "मग माझंच काय बंद आहे?"

उत्तर शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. शेजारणीचा भत्ता पगारातून कापलेल्या करांवर उभ्या असलेल्या विश्वस्त निधीतून जातो. त्याला दरवर्षीची मंजुरी लागत नाही. मात्र नवा अर्ज वाचणाऱ्या माणसाच्या पगाराला ती लागते. १९९५ च्या नोव्हेंबरात हा भेद फार उघडा पडला. सोशल सिक्युरिटीच्या ६१,४१५ कर्मचाऱ्यांना घरी पाठवून ४,७८० जणांना ठेवले गेले आणि पहिल्या चार दिवसांत निवृत्तिवेतनाचे व अपंगत्वाचे मिळून १,१२,००० अर्ज घेतलेच गेले नाहीत. मग बहुसंख्यांना परत बोलवावे लागले. तेव्हापासून अर्ज स्वीकारणे थांबत नाही, आणि २०२५ मध्येही बहुतेक कर्मचारी पगाराविना कामावर होते. पण अर्ज स्वीकारणे निराळे आणि निकालात काढणे निराळे. वैद्यकीय निर्णय राज्याच्या कार्यालयात होतो. माणसे राज्याची, पैसा केंद्राचा. २०१३ च्या शटडाउनमध्ये काही राज्यांनी या माणसांनाच घरी बसवले होते.

शटडाउन १२ नोव्हेंबरला, त्रेचाळिसाव्या दिवशी, संपले. ताईला डॉक्टरी तपासणीचे पत्र डिसेंबरात मिळाले. हा उशीर शटडाउनचाच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. एरवीही पहिल्या निर्णयाला तिथे सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. अर्ज मंजूर झाल्यास थकबाकी मिळेल, हेही खरे. पण नोव्हेंबरचे घरभाडे नोव्हेंबरातच द्यायचे होते. ते तिने बांगड्या मोडून दिले, आणि हे आम्हाला कळले तिच्या मुलाकडून.

या सगळ्यावर संतापणे सोपे होते, आणि आम्ही संतापलोही. मग २०२३ चा मार्च आठवला. जुन्या निवृत्तिवेतनासाठीच्या त्या सात दिवसांच्या संपात आम्हीही होतो. त्याच आठवड्यात द्वितीय वर्षाची आमची एक विद्यार्थिनी, कुबड्या घेऊन, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी दोनदा तालुक्याला जाऊन परत आली होती. आमची मागणी आम्हाला आजही न्याय्य वाटते. तिने तक्रार केली नाही, "सर, तुमचं झालं का काम?" एवढेच विचारले. त्या प्रश्नात उपरोध होता की काळजी, यावर आम्हा दोघांचे अजून एकमत नाही.

गेल्या आठवड्यात मावशींनी ताईच्या अर्जाची चौकशी केली. संकेतस्थळावरचे इंग्रजी आम्ही मराठी करून सांगितले : विचाराधीन आहे.

"कोणाच्या?" मावशींनी विचारले.

आम्ही विश्वस्त निधी, राज्याचे कार्यालय, १८८४ चा कायदा, असे बरेच बोललो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि ताईला हाताने जेवता येते का, असे विचारले.