ठिपकेवाल्यांचा सर्व्हर

जबलपूरच्या मराठी घरांत टीटीसी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. रिज रोडवरचं हे दूरसंचार प्रशिक्षण केंद्र 1942 सालचं. आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून टीटीसीच. देशभरातले टेलिफोन खात्याचे लोक इथे शिकायला यायचे आणि आमच्या शेजारचे काका त्यांना शिकवायचे. मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. तरी त्यांचं जेवढं देणं लागतो तेवढं माझ्या कॉलेजचंही लागत नाही.

2021 चा उन्हाळा. दुसऱ्या लाटेमुळे पोरं घरात कोंडलेली, आणि मी घरूनच नोकरी करत होतो. कॉलनीतल्या मुलांनी माझ्यामागे लकडा लावला: दादा, माइनक्राफ्टचा आपला सर्व्हर काढ. जुना डेस्कटॉप पडून होता, त्यावर उबुंटू चढवलं, सर्व्हर सुरूही झाला. पण माइनक्राफ्ट दोन आहेत. संगणकावरचं जावा एडिशन आणि फोन, टॅब, कन्सोलवरचं बेडरॉक. कंपनी एकच, खेळ दिसायलाही सारखाच, पण दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. जावा टीसीपीने 25565 पोर्टवर येतं, बेडरॉक यूडीपीने 19132 वर. कॉलनीत चांगला संगणक मोजक्याच घरांत होता, फोन मात्र घरटी. मी ठरवलं, जावावाल्यांपुरता चालवू, बाकीचं पुढे बघू.

काका कुंपणापलीकडून ऐकत होते. म्हणाले, "अन् फोनवाली पोरं काय करतील? दुसऱ्याच्या घरी जाऊन नुसती बघत बसतील? मग सुरूच नको करू."

माइनक्राफ्ट त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पण दोन न जुळणारी यंत्रं जोडायची म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं आमच्या कॉलनीत कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्या टेलिफोन खात्यात एकेकाळी स्ट्रोजर, क्रॉसबार आणि फ्रेंच तंत्राचं डिजिटल ई-टेन-बी अशी वेगवेगळ्या पिढ्यांची एक्स्चेंजेस एकाच जाळ्यात नांदत होती. 1984 साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था निघाली आणि तिची 128 लाइनची छोटी एक्स्चेंजेस खेडोपाडी बसली, त्यांनाही याच जाळ्यात घ्यायचं होतं. ग्राहकाला पलीकडचं यंत्र कुठलं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला रिंग ऐकू आली पाहिजे. काका म्हणाले, "जुनं एक्स्चेंज उपटून नाही टाकत कोणी. मध्ये दुभाषा बसवायचा. तुझ्या खेळासाठी कोणी ना कोणी बसवला असेल, शोध."

बसवला होता. गायझर नावाचा. फोनवरून आलेला खेळाडू गायझर जावाच्या बोलीत सर्व्हरपुढे उभा करतो आणि सर्व्हरचं उत्तर बेडरॉकच्या बोलीत फोनला परत देतो. सोबत फ्लडगेट टाकलं की फोनवाल्याला जावाचं वेगळं खातं विकत घ्यावं लागत नाही. अशा खेळाडूच्या नावाआधी एक ठिपका लागतो. पोरांनी लगेच नाव पाडलं, ठिपकेवाले. सर्व्हरची यादी उघडली की कुणाच्या घरी संगणक नाही हे त्या ठिपक्यांवरून कळायचं, आणि ठिपके जास्त होते.

पुढची अडचण लाइनची. आयपीव्ही4 चे पत्ते सगळे मिळून सुमारे 430 कोटी, जगाला पुरत नाहीत. म्हणून माझ्या इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला. घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून येणारा माणूस दारापर्यंत पोचणारच नाही. कंपनीला फोन केले, विनवण्या केल्या, ढिम्म. काकांच्या बीएसएनएल फायबरला मात्र पैसे भरून घेतलेला कायमचा पत्ता होता. "डबा इकडे आण," एवढंच म्हणाले. सर्व्हर त्यांच्या पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकवर जाऊन बसला. काकू विचारायच्या, "हे रात्रभर का घोंघावून राहिलं?" पण बंद कुणी केला नाही.

काकांनी खात्याच्या शिस्तीने एक फॉल्ट रजिस्टर घातलं. आखीव वही, चार रकाने: वेळ, तक्रार, कारण, उपाय. त्यातली एक नोंद अशी: "रात्री 9.40. ठिपकेवाल्यांचा वार लागत नाही. लाइन ठीक. दोष नियमाचा." झालं असं की 2016 च्या एक-नऊ आवृत्तीपासून जावात प्रत्येक वारानंतर थोडं थांबावं लागतं, थांबला नाहीत तर वार कमकुवत पडतो. बेडरॉकमध्ये तसं नाही, त्यामुळे फोनवाली पोरं धडाधड बोट आपटत आणि हरत. जावावाले त्यांना हसत. काकांनी मला जुन्या पद्धतीने वार चालू देणारं प्लगिन शोधायला लावलं आणि उपायाच्या रकान्यात लिहिलं, "सर्वांना समान." पंचनिवाडा म्हणतात तो हा.

बेडरॉकची नवी आवृत्ती आली की फोन आपोआप अद्ययावत होत आणि ठिपकेवाले बाहेर राहत. मग गायझर चालवणारी हौशी मंडळी नवा दुभाषा तयार करून देत, बहुधा पटकन. काकांना याचं फार अप्रूप. "यांना पगार कोण देतं?" कोणी नाही, म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प होते. एकदा मी विजेच्या बिलाचं पाकीट दिलं. त्यांनी ते मुकाट्याने घेतलं आणि त्याच पैशांची यूपीएसची बॅटरी आणून बसवली.

काका-काकू आता पुण्याला लेकीकडे असतात. रजिस्टर माझ्याकडे आहे, सर्व्हर मुंबईतल्या भाड्याच्या मशीनवर. काकांशी ऋणानुबंध आहे तो फिटायचा नाही, आणि पैसे ते घेणार नाहीत. गायझरवाले मात्र वर्गणी घेतात. तुमच्या घरातलं पोर फोनवरून संगणकवाल्या मित्रांच्या जगात खेळत असेल, तर महिन्याकाठी थोडेफार त्यांना पाठवा.