हंगाम सरताना

‘तळे’ म्हटले की आमच्या मनात जे चित्र उभे राहत असे त्याला पलीकडचा काठ होता. देवळामागचे तळे घ्या, फार तर लोणार घ्या. समोर काहीतरी दिसतेच. मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे ४९४ किलोमीटर लांब आहे आणि रुंदीला काही ठिकाणी १९० किलोमीटर. लडिंग्टनच्या धक्क्यावर प्रथम उभे राहिलो तेव्हा आम्ही दोघेही नकळत हवेत खारा वास शोधत होतो. तो नव्हता. भरती-ओहोटीही जाणवण्यासारखी नव्हती, त्यामुळे ‘उधाण’ हा आपला हुकमी शब्द तिथे वापरता येईना. मराठी शिकवणाऱ्यांची ही एक खोडच. पाणी पाहण्याआधी त्याचे नाव ठरवायला बसायचे.

आमच्यातील एकीचा धाकटा भाऊ गेली बरीच वर्षे मिशिगन राज्यात आहे. २०२३ च्या सप्टेंबरात त्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती होता. विसर्जन झाले, आणि कोकणातल्या रीतीप्रमाणे सगळ्यांना मासळीची आठवण झाली. “भाऊजी, तुम्हांला रावस नव्हे, खरा सॅमन खाऊ घालतो,” तो म्हणाला. आपल्याकडच्या हॉटेलांत रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात हे त्याला कळून चुकले होते, आणि दोन्ही माशांचे परस्परांशी काहीही नाते नाही हेही. मात्र त्याचा ‘खरा’ सॅमनही त्या सरोवराचा नव्हेच. तिथला मूळचा मोठा शिकारी मासा म्हणजे लेक ट्राउट. अतिमासेमारी आणि समुद्रातून आलेला, माशांना चिकटून रक्त शोषणारा लॅम्प्रे यांनी त्याचा फडशा पाडला. मग एलवाइफ नावाचे परके लहान मासे इतके माजले की मरून किनाऱ्यांवर त्यांचे ढीग साचू लागले. त्यांना खायला कोणीतरी हवे म्हणून, आणि लोकांना गळाला लावायलाही काहीतरी हवे म्हणून, हॉवर्ड टॅनर या मत्स्य-अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९६६ मध्ये पॅसिफिककडील कोहो सॅमन आणि १९६७ मध्ये चिनूक सॅमन तिथल्या नद्यांत सोडले गेले. म्हणजे तोही स्थलांतरितच. हे आम्ही बोलून दाखवले तेव्हा भाऊ हसला नाही.

चिनूक तीन-चार वर्षे सरोवरात वाढतो आणि शरद ऋतूत, ज्या नदीने त्याला धाडले तिच्या मुखाशी परततो. तेव्हा त्याची चांदी काळवंडते, नराचा जबडा वाकडा होतो, खाणे जवळजवळ सुटते. नदीत अंडी घातली जातात आणि नर-मादी दोघेही मरतात. गळाला तो लागतो तो भुकेने नव्हे, बहुधा चिडून. मोठे मासे काठाजवळ येण्याचे दिवस आणि वाऱ्याने पाणी खवळण्याचे दिवस तिथे हे असे एकत्र येतात. आपल्या कोळ्यांनी हे गणित उलटे मांडले आहे. पावसाळा अंगावर असताना होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगाम उघडायचा. तिथे हंगाम सरतो तेव्हाच मोह सर्वांत मोठा असतो.

धक्क्यावर जाळीदार टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ होते. आमची अठरा फुटी होडी न्याहाळून ते म्हणाले, दुपारनंतर वारा वायव्येकडे फिरणार आहे. मग, कोणी विचारले नसताना, त्यांनी १९६७ सांगितले. त्या वर्षी पहिले मोठे कोहो परतले आणि माणसे अक्षरशः वेडी झाली. २३ सप्टेंबरला, इशारा दिलेला असतानाही, लोक लहानसहान होड्या घेऊन उत्तरेकडे प्लॅट नदीच्या मुखाजवळ पाण्यात उतरले. वादळात सात जण बुडाले. गृहस्थ एवढेच बोलले आणि आपल्या बादलीकडे वळले. भावाने घड्याळ पाहिले. “अकराला परत येऊ,” तो आम्हांला म्हणाला.

अकरा वाजले तेव्हा आम्ही परतलो नव्हतो. सकाळ कोरडी गेली होती, आणि पाहुण्यांना रिकाम्या हाती घरी नेणे त्याच्या जिवावर आले होते. वारा लवकर फिरला. समुद्राची लाट निदान दम घेऊन येते. इथल्या लाटा आखूड, उभ्या आणि एकीच्या पाठीला दुसरी. अशा वेळी काठी वाकली. भावाने सुकाणू आमच्यातील एकाच्या हाती दिले आणि “नाक लाटेला ठेवा, भाऊजी” असे ओरडून तो रिळाला भिडला. नाक लाटेला राहिले नाही. होडी आडवी झाली, मागून पाणी आत आले आणि घोट्यापर्यंत चढले. शंभरेक फुटांवर काळपट पाठ एकदा वर आली. मासा खरोखरच मोठा होता. सुटकेची अंगरखी सर्वांच्या अंगात होती, पण त्या थंड पाण्यात ती किती वेळ पुरली असती, याचा विचार आम्ही अजूनही टाळतो.

“दोर काप,” ताई म्हणाली.

त्याने ऐकल्यासारखे दाखवले नाही.

“आईला मी फोन करणार नाही. काप.”

या वाक्याचा पूर्ण अर्थ आम्हां तिघांनाच ठाऊक होता. वडील गेले तेव्हा तो येऊ शकला नव्हता. ती बातमी फोनवर तिनेच त्याला दिली होती. त्याने चाकू काढला. दोर तुटल्याचा आवाज वाऱ्यात आलाही नाही, काठी फक्त सरळ झाली. मग त्याने सुकाणू घेतले, होडीचे नाक फिरवले, आणि लाटबंधाऱ्याच्या आत शिरेपर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही. डब्याने पाणी उपसण्याचे काम मात्र आम्हांला चांगले जमले.

धक्क्यावर ते वृद्ध गृहस्थ अजून होते. त्यांनी होडीतले पाणी पाहिले, मासा आहे का हे विचारले नाही आणि दोर बांधायला हात दिला. परतताना भावाने वाटेतल्या दुकानातून सॅमनचे दोन तुकडे घेतले. पाकिटावर तो कुठून आला ते छापलेले होते. त्याने ते वाचून पाकीट उलटे ठेवले. रात्री ताईने त्याला आगळ आणि तिखट लावून रव्यात तळले. भाच्याने विचारले, त्या माशाच्या तोंडात गळ तसाच राहिला असेल, तर तो नदीत चढू शकेल का? भाऊ म्हणाला, चढेल बहुधा, खायचे तर त्याला नाहीच आहे. मग त्याने आईला फोन लावला आणि ताईच्या हातात दिला.