हद्द कुणाची?

दौंड आणि शिरूर ही दोन्ही गावं नदीकाठची. दौंडला भीमा, शिरूरला घोड, आणि दोन्हीकडे पैलतीर नगर जिल्ह्याचा. आता अहिल्यानगर म्हणायचं. त्यामुळे आमच्या भागात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. नदीला प्रेत वाहून येतं. अलीकडचा हवालदार बघतो, पलीकडचाही बघतो. रात्री कुणीतरी बांबूनं ते हळूच पलीकडे लोटतं. उजाडायच्या आत ते परत अलीकडे आलेलं असतं. ठाणं कुठलं, हवालदार कोण, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. प्रश्न तेवढा तोच राहतो: हद्द कुणाची?

मी गुन्हेशास्त्र शिकवतो. लहानपण दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडील मालधक्क्यावर कारकून होते. गुन्हेशास्त्र म्हटलं की लोकांना खुनी माणसाचं मन आठवतं. माझा बराचसा वेळ मात्र तक्ते वाचण्यात गेला, आणि तक्त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न बसलेला असतो.

फेब्रुवारी २०२४ मधलं कुरकुंभचं प्रकरण घ्या. पुणे शहर पोलिसांनी सोमवार पेठेत अमली पदार्थाचा धागा पकडला, तो विश्रांतवाडीच्या गोदामापर्यंत गेला, तिथून दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, मग थेट दिल्लीला आणि सांगलीजवळच्या कुपवाडला. सगळं मिळून सुमारे पावणेदोन हजार किलो मेफेड्रॉन. त्याची किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर, असं पोलिसांनी सांगितलं. काही माल लंडनला गेला आणि सूत्रधार भारतीय वंशाचा ब्रिटिश नागरिक आहे, असाही आरोप आहे.

आता वार्षिक आकडेवारीत हे कुठे दिसेल? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पुणे शहर आणि पुणे ग्रामीण यांचे आकडे वेगळे छापतो. दौंड, शिरूर ग्रामीणमध्ये येतात. गुन्हा मात्र शहरात नोंदला गेला. म्हणजे दौंड तालुक्यात सापडलेला एवढा मोठा साठा दौंडच्या हिशेबात नाहीच. शिवाय जिल्हावार तक्त्यात मोजतात गुन्हे, किलो नव्हे. मेफेड्रॉनसाठी व्यापारी प्रमाण ५० ग्रॅमच्या वर सुरू होतं. साठ ग्रॅमची पुडी घेऊन सापडलेला पोरगा आणि हा कारखाना, दोघांचीही तक्त्यात नोंद एकेक.

कुरकुंभच का, हे मला नेहमी विचारतात. त्यात गूढ काही नाही. रसायनांची वसाहत आहे, पुणे-सोलापूर महामार्ग दारात आहे, पिंपं उतरवायला-चढवायला माणसं आहेत, विज्ञान शाखेतून बाहेर पडलेली, कमी पगारावर रात्रपाळी करणारी मुलं आहेत. फिरंगाईच्या देवळाकडे जाताना वाऱ्याबरोबर वास आला तर माणूस नाक धरतो, चौकशी करत नाही. तिथे वास येणारच, हे गृहीतच आहे. जे सगळं प्रामाणिक कारखानदाराला लागतं, तेच मेफेड्रॉनवाल्यालाही लागतं. म्हणून वसाहतीकडे बोट दाखवून काही हाती लागत नाही. गोष्ट एकट्या कुरकुंभचीही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकणजवळ २० किलो मेफेड्रॉन सापडलं, तेव्हा तपास शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पोचला होता. २०१६ साली सोलापूरजवळ अमली पदार्थांचा कच्चा माल असलेलं काही टन इफेड्रिन पकडलं, त्याचे धागे केनियापर्यंत गेल्याचं ठाणे पोलिसांचं म्हणणं होतं. पुणे, दौंड, सोलापूर: हा आमचा जुना रेल्वेमार्ग.

मेफेड्रॉन हा पदार्थ १९२९ साली प्रथम तयार झाला आणि विसरला गेला. या शतकाच्या सुरुवातीला इंटरनेटवाल्यांनी तो पुन्हा उकरून काढला. ब्रिटननं एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे अमली पदार्थ कायद्याच्या यादीत तो फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. मधली जवळजवळ पाच वर्षं तोच पदार्थ तिकडे गुन्हा होता आणि इकडे यादीतच नव्हता. निकोस पासास या अभ्यासकानं १९९९ मध्येच मांडलं होतं की देशादेशांतल्या कायद्यांची, किमतींची, देखरेखीची अशी तफावत हीच गुन्ह्याची सुपीक जमीन असते. परीक्षेत मुलं ही व्याख्या घोकून लिहितात. जकात नाके होते तेव्हा नाक्याच्या अलीकडे उतरून आडरस्त्यानं गावात शिरणारा टेम्पो ज्यानं पाहिला, त्याला ती घोकावी लागत नाही.

आमच्या शास्त्राची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. जन्मजात गुन्हेगाराची कल्पना लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरच्या १८७६ च्या ग्रंथानं युरोपात गाजवली. इथे इंग्रजांनी त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. १९०८ मध्ये मायकेल केनेडी या पोलिस अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर जाडजूड पुस्तक लिहिलं. बोटांच्या ठशांचं वर्गीकरणही आधी कोलकात्यात बसलं, १८९७ मध्ये, आणि १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात पोचलं. जागतिकीकरण १९९१ नंतर आलं असं मानणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. जमातींवरचा शिक्का १९५२ मध्ये कायद्यानं पुसला. पण शिरूर-दौंडच्या कुठल्याही पारधी वस्तीवर जाऊन विचारा, चोरी झाली की पहिली जीप कुठे येते.

अजूनही आमची नजर माणसावरच ठरते, मालावर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रांजणगावजवळच्या कारेगावात २१ बांगलादेशी पकडले गेले. कागद खोटे असतील तर कारवाई व्हावी, माझं दुमत नाही. पण मजूर सीमा ओलांडतो तेव्हा त्याच्याकडे कागद नसतो किंवा खोटा असतो. पिंप सीमा ओलांडतं तेव्हा त्याच्यापाशी बीजक, ई-वे बिल, शिक्के, सगळं रीतसर असू शकतं. पहिल्याचा फोटो त्याच दिवशी छापून येतो. दुसऱ्यासाठी बीजकं वाचणारा माणूस लागतो, आणि तशी माणसं आम्ही तयारच केलेली नाहीत. वडील वाघिणीचं सील आणि पावतीवरचा नंबर बोट ठेवून जुळवायचे. तेव्हा मला ते फार कंटाळवाणं वाटे.

कुरकुंभसारख्या प्रकरणात परदेशातला आरोपी आणायचा म्हटला तर ब्रिटनशी १९९२ चा प्रत्यार्पण करार आहे. इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे अटकेचं वॉरंट नव्हे, ती एक विनंती असते. मानायची की नाही, हे तो देश ठरवतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत फरार घोषित आरोपीविरुद्ध, काही अटींवर, तो गैरहजर असतानाही खटला चालवण्याची सोय कलम ३५६ नं केली आहे. मला ही सोय धोक्याचीही वाटते. ज्या निकालात आरोपी बोललाच नाही, तो परदेशी न्यायालयात कितपत टिकेल? शिक्षेचं समाधान इथे मिळेल, माणूस तिकडेच राहील.

कुरकुंभच्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट बातम्यांत दोन ओळींत संपली. २०१६ मध्येही कुरकुंभमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं मेफेड्रॉनचा कारखाना पकडला होता, आणि नव्या टोळीतल्या काहींची ओळख येरवड्याच्या तुरुंगात झाली, असं तपासात पुढे आल्याचं छापून आलं. गुन्हा हा संगतीतून शिकला जातो, हे सदरलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९३९ मध्ये लिहिलं. लंडनचा ग्राहक, दौंडचा कारखाना, दिल्लीचं गोदाम यांना जोडणारी गाठ समजा खरोखर सरकारी बराकीत बसली असेल, तर तिला आंतरराष्ट्रीय म्हणायचं की स्थानिक? मी वर्गात दोन्ही बाजूंनी वाद घालतो आणि दर वर्षी हरतो.

यंदा माझ्या एका विद्यार्थिनीनं रसायनांच्या वाहतुकीच्या नोंदींवर प्रबंध घेतला आहे. मुलगी शिरूरची, वडिलांचा ट्रक आहे, त्यामुळे बिल्टी कशी वाचायची हे तिला माझ्याहून चांगलं कळतं. तिनं माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज केला: तालुक्यातून नियंत्रित रसायनांच्या किती खेपा गेल्या. महिन्याभरात उत्तर आलं: सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही, अर्ज कलम ६(३) अन्वये वर्ग करण्यात येत आहे. ज्या कार्यालयाकडे वर्ग झाला, त्यांनी तो आणखी पुढे वर्ग केला. तिसऱ्यानं परवा पत्र पाठवलं आहे: अर्ज मूळ कार्यालयाकडे परत करत आहोत.