अडीच तास पुढे

वडिलांचं घड्याळ बहरीनमध्ये, मनामाच्या गुदैबिया भागातल्या माझ्या घरी कपाटाच्या वरच्या खणात असायचं आणि ते कायम भारतीय वेळेवर असायचं. एचएमटीचं कांचन. चौकोनी डबी, वार-तारीख दाखवणारं, ऑटोमॅटिक. एके काळी नवऱ्या मुलाला लग्नात कांचन मिळालं की ते मांडवभर दाखवलं जायचं. वडिलांनाही ते तसंच मिळालं, आणि शेवटच्या आजारपणापर्यंत त्यांनी दुसरं घड्याळ बांधलं नाही. आता ते कुणाच्या हातावर नव्हतं, म्हणून रोज सकाळी मी ते हातात घेऊन बराच वेळ हलकेच हलवायचो. बहरीन भारताच्या अडीच तास मागे. इथे दुपारचे साडेचार होतात तेव्हा साताऱ्यात आई देवापाशी दिवा लावत असते. खण उघडला की मला तिची वेळ दिसायची.

माझ्या स्वतःच्या हातावर स्विस घड्याळ होतं. तेही ऑटोमॅटिक. इथल्या नोकरीला दहा वर्षं झाली तेव्हा साठवलेल्या दिनारांतून घेतलेलं. सेल घालायचा नाही, किल्ली द्यायची नाही, हात हलतो तेवढ्यावर चालणारं यंत्र, याचं मला फार अप्रूप होतं. आत एक अर्धचंद्राकार वजन असतं, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की ते फिरतं, चाकांमधून कमान आवळत नेतं, आणि पूर्ण आवळलेली कमान साधारण चाळीस तास पुरते. तिच्या जोरावर बॅलन्सचं चाक तासाला 28,800 ठोके देतं. म्हणजे दिवसाला सहा लाख एक्क्याण्णव हजार दोनशे. एवढ्या ठोक्यांत दिवसाकाठी चार-सहा सेकंदांचीच चूक झाली तर ते यंत्र उत्तम मानतात. क्रोनोमीटरचा स्विस दाखला मिळवायचा तर दिवसाची सरासरी चूक चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्यातच बसावी लागते. माणसाच्या हातांनी केलेल्या वस्तूंत याहून नाजूक काम मी तरी पाहिलेलं नाही.

मग एका मे महिन्यात ते रात्री थांबू लागलं. दिवसभर हातावर असायचं, झोपताना काढून ठेवलं की पहाटे चार-सव्वाचारला काटे स्थिर. ज्या दुकानातून घेतलं होतं तिथल्या काउंटरवर दिलं. त्यांनी ते पारदर्शक पिशवीत बंद केलं, पावती दिली, सहा आठवडे सांगितले. सहा आठवड्यांनी कळलं की ते दुबईला गेलंय. तीन महिन्यांनी कळलं की एक चाक बदलायचंय आणि ते चाक स्वित्झर्लंडहून यायचंय. पाचव्या महिन्यात घड्याळ आलं, वीस दिवस चाललं, एकविसाव्या पहाटे पुन्हा थांबलं. पुन्हा पिशवी, पुन्हा पावती. काउंटरवरची मुलगी नम्र होती आणि मनापासून दिलगीर होती. तिच्या हातात काहीच नव्हतं. घड्याळ कुणाच्या टेबलावर आहे, कोण उघडतंय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्यांदा देण्याआधी मी ते मनामाच्या बाजारात नेलं होतं. बाब अल बहरीनची कमान 1949 मध्ये उभी राहिली, तिच्याखालून आत शिरलं की थोड्या अंतरावर श्रीनाथजींच्या देवळाची गल्ली लागते. मोगऱ्याचे गजरे, अत्तर, वेलचीचा चहा, सगळे वास एकमेकांत मिसळलेले. त्याच भागात एका कापडाच्या दुकानाशेजारी हातभर रुंदीच्या जागेत आमचे घड्याळजी बसतात. श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण फिरवून काढलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

“ह्यात खारी हवा गेलीय,” ते म्हणाले. “किल्लीचं रबर गेलंय, बाबा. दांडीला गंज धरलाय बघ.”

मग त्यांनी चिमट्याच्या टोकाने एक चाक दाखवलं. तांदळाच्या दाण्याहून थोडंसं मोठं. रोटर डावीकडे फिरो की उजवीकडे, कमान एकाच दिशेने आवळली जावी म्हणून असलेलं हे उलटसुलट चाक. त्यातलं तेल सुकलं किंवा दाते झिजले की रोटर फिरत राहतो आणि कमानीपर्यंत काहीच पोचत नाही. “तू काम काय करतोस? बसून? मग घड्याळाला पोट भरायला मिळतं कुठे? घरातून गाडीत, गाडीतून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून खुर्चीत.” एक होकायंत्र त्यांनी घड्याळाजवळ धरलं, सुई हलली. माझ्या टॅबलेटच्या कव्हरमधल्या चुंबकाचा थोडा असर बॅलन्सच्या चाकाच्या हेअरस्प्रिंगवर होता. तो त्यांनी तिथल्या तिथे काढला.

बहरीन हे बेट आहे, हे इथे राहणाराही विसरतो. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश आणि हवेत समुद्र, आत एसीची बावीस अंशांची थंडी. दिवसातून दहा वेळा आपण या दोन ऋतूंमधून ये-जा करतो. रबर आक्रसतं, सैल पडतं, आणि एक दिवस काचेच्या आतून वाफ धरते. नदीकाठच्या गावात जास्त वर्षं चालेल ते यंत्र इथे दर चार-पाच वर्षांनी उघडून धुवावं, तेल घालावं लागतं. विकताना हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

“चाचा, मग तुम्हीच करा ना.”

“करीन. पण चाक कुठून आणू? मला विकत देत नाहीत.”

हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. गेल्या काही दशकांत बऱ्याच स्विस कंपन्यांनी सुटे भाग फक्त आपल्या अधिकृत केंद्रांपुरते ठेवले. नकली भाग, अर्धवट शिकलेले कारागीर, अशी कारणं त्या देतात, आणि ती अगदीच खोटी नाहीत. पण 25 डिसेंबर 1969 ला जपानने सेलवर चालणारं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांत स्वित्झर्लंडच्या या उद्योगातली माणसं सुमारे नव्वद हजारांवरून तीस हजारांच्या आसपास आली. यांत्रिक घड्याळं पुढे पुन्हा लोकप्रिय झाली, ती विकणारी दुकानं वाढली. दुरुस्त करणारे हात मात्र तेवढ्या वेगाने परत आले नाहीत. असे हात थोडे असताना जे आहेत त्यांनाही चाक द्यायचं नाही, हा मला अन्याय वाटतो. कारागिरावर अन्याय, आणि त्या यंत्रावरही.

या बेटाला आपली घड्याळं नवी नाहीत. इथले मोती मुंबईच्या बाजारात जायचे, आणि परतीच्या जहाजांतून कापड, तांदूळ, मसाला यायचा. वेस्ट एंड वॉच कंपनीची स्विस बनावटीची घड्याळं मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांतून विकली जात, आणि आखातातही त्या नावाला मोठा मान होता. रुपया तर इथे चलनच होता. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि 1965 मध्ये बहरीनचा दिनार आला. अरबस्तानात जुन्या रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताला बारा वाजले असं धरत आणि रोज संध्याकाळी काटे नव्याने लावत. घड्याळ पाच मिनिटं चुकलं तरी दिवस मावळताना ते माणसाच्या हातून सरळ होत असे. त्या रोजच्या स्पर्शाचा मला हेवा वाटतो.

स्विस घड्याळ दुसऱ्यांदा गेलं आणि मी कांचन हातावर बांधलं. काटे अडीच तास मागे घ्यायचे म्हणून किल्ली ओढली, आणि हात पुढे जाईना. ती आईची वेळ होती. तशीच ठेवली. पुढचे सहा महिने मी मनामात भारतीय वेळ बांधून हिंडलो, मनात अडीच तास वजा करत. मीटिंगमध्ये मनगटाकडे पाहिलं की आई जेवायला बसली असेल, हे आधी कळायचं आणि मीटिंग लांबली, हे नंतर.

त्यातच एकदा कांचनही थांबलं. माझ्या पोटात गोळा आला. गुरुवारी संध्याकाळी चाचांकडे दिलं, शनिवारी मगरिबच्या नमाजानंतर ते माझ्या हातात होतं. चार दिनार. कसं केलं, विचारल्यावर त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या, आणि प्रत्येक डबीत मेलेल्या एचएमटींचे अवयव. दर सुट्टीला मुंबईतून मोडकी घड्याळं विकत घेऊन ते सुटी करतात, चाकं धुऊन ठेवतात.

एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या साथीने बंगळुरूत घड्याळं करायला सुरुवात केली. 2016 मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. त्या बंद कंपनीचं घड्याळ दोन दिवसांत दुरुस्त झालं. चालू कंपनीचं घड्याळ अकरा महिने प्रवासात होतं. एप्रिलमध्ये ते आलं. आता छान चालतं, दिवसाला तीन सेकंद पुढे. ते मी कपाटाच्या खणात ठेवलंय, बहरीनच्या वेळेवर.

चाचा पुढच्या रमजानआधी कायमचे गावी जाणार आहेत. मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे, आणि मनामात त्यांच्या हाताखाली शिकणारं कुणी नाही. डबा श्रीवर्धनला नेणार म्हणाले, तिथे कुणी पोरगा शिकायला बसला तर त्याच्यापुढे ठेवायला. तेव्हा हे वाचणाऱ्यांना एवढंच मागतो. घरात बंद पडलेली एचएमटी असेल तर भंगारात घालू नका, गावातल्या घड्याळजीला नेऊन द्या. पार मोडकी असली तरी द्या. माझ्या हातावरच्या घड्याळातलं एक चाक अशाच एका मोडक्या कांचनमधून आलेलं आहे.