बॉनेटखालची धग

इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारा पाइपांचा जुडगा, म्हणजे हेडर, तापतो, म्हणून त्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची, ही आता जवळजवळ रूढीच झाली आहे. मला तो पहिला नव्हे, शेवटचा उपाय वाटतो. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टमधून निघून जातो. तापलेल्या धातूचे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. १२७ अंश सेल्सिअसच्या पाइपपेक्षा ५२७ अंशांचा तसाच पाइप सोळापट उष्णता फेकतो. ही उष्णता उजेडासारखी सरळ रेषेत जाते. म्हणून हेडर आणि वायरिंग यांच्यामध्ये, दोन्हीकडे फट ठेवून बसवलेला चकचकीत पत्रा पुष्कळ काम करतो. कित्येक गाड्यांच्या मूळच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर असा पत्रा कारखान्यातूनच येतो, तो शोभेसाठी नव्हे. त्या जागी बाजारातला हेडर बसवताना बहुतेक वेळा नेमका तोच काढला जातो, आणि मग पट्टीची खरेदी सुरू होते!

पट्टीमुळे वायू गरम राहून वेगाने निघतो आणि बॉनेटखालची हवा कमी तापते, हा युक्तिवाद खोटा नाही. पण अडवलेल्या उष्णतेने पाइपचा धातूच अधिक तापतो, आणि पट्टी पाणी धरून ठेवते. कोकणातल्या पावसाळ्यात साध्या पोलादाचा हेडर आतल्या आत गंजेल आणि भोक पडेपर्यंत कळणारही नाही. शर्यतीच्या गाडीला ते परवडते, रोजच्या गाडीला नाही. सिरॅमिक लेप पाणी धरत नाही, मात्र महाग पडतो. पत्र्याने हवा थंड होत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी इंजिनाला लागणारी हवा बॉनेटबाहेरून घ्यावी, कारण तापमान तीन अंशांनी चढले की तिची घनता सुमारे एक टक्क्याने घटते.