स्टीफन की डेमन?

प्रिय रेवा,

‘द व्हॅम्पायर डायरीज’चे आठही सीझन संपवलेस आणि लगेच विचारलंस, “मावशी, तू कोणाच्या बाजूची? स्टीफनच्या की डेमनच्या?” फोनवर धड उत्तर देता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

2009 ते 2017 अशी ही मालिका चालली, 171 भाग झाले. एवढ्या काळात जगभरच्या मुली याच प्रश्नावरून भांडल्या. मला मात्र एलेनाने या दोन व्हॅम्पायर भावांपैकी कोणाला निवडलं यापेक्षा तिला निवडू कोणी दिलं, हे महत्त्वाचं वाटतं.

या मालिकेतले व्हॅम्पायर नुसते रक्त पीत नाहीत, डोळ्यांत बघून माणसाला वश करतात. पहिल्याच सीझनमध्ये डेमन एलेनाच्या मैत्रिणीशी, कॅरोलाइनशी काय करतो, आठव. तिला वश करतो, तिचं रक्त पितो, हवी तशी वापरतो आणि वर तिची आठवणही पुसतो. ती स्वतः व्हॅम्पायर झाल्यावर तिला सगळं आठवतं, ती त्याला जाब विचारते. पण कथा भराभर पुढे सरकते. त्याचे निळे डोळे आणि हजरजबाबीपणा बघता बघता प्रेक्षकही विसरतात. तू विसरू नकोस. त्याला अत्याचारच म्हणतात.

आता स्टीफन. तो एलेनाला गळ्यातलं देतो, त्यात व्हर्वेन ही वनस्पती भरलेली असते. ती अंगावर असेल तर कुठलाही व्हॅम्पायर तिला वश करू शकत नाही. डेमन नाही, आणि खुद्द स्टीफनही नाही. तेव्हा तो तिच्यापासून बरंच काही लपवत होता, पुढे त्याच्या हातून भयंकर गोष्टीही घडल्या. तरी समोरच्याला आपल्यालाही नकार देता यावा, याची सोय त्याने स्वतःहून केली. त्या भेटीचं मोल मला सगळ्या चुंबनांहून जास्त वाटतं.

म्हणून चौथ्या सीझनमध्ये मी अस्वस्थ झाले. डेमनच्या रक्ताने एलेना व्हॅम्पायर होते आणि त्याच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नाही. तिचं प्रेम खरं की त्या बंधनाचं, असा प्रश्न स्टीफन आणि कॅरोलाइनला पडतो. तो मत्सरातून आलेला असेल, पण रास्तच आहे.

आणि बॉनी, एलेनाची जादूगार मैत्रीण! तिच्याबद्दल तू काहीच बोलली नाहीस, म्हणून मीच बोलते. आजी गेली ती दुसऱ्यांसाठी केलेल्या मंत्राच्या ताणाने. आईला डेमनने व्हॅम्पायर केलं, एलेनाला वाचवण्यासाठी. एलेनाच्या भावाला, जेरमीला परत आणताना बॉनी स्वतः मेली. दर संकटात सगळे तिच्या दारात उभे. “तुला काय हवंय?” हे मात्र क्वचितच कोणी विचारलं. मैत्रीतही माणूस वश होतो गं, त्याला मंत्र लागत नाही. ‘ही करेलच’ एवढं सगळ्यांनी गृहीत धरलं की पुरतं.

डेमन बदलला, हे मला मान्य आहे. पण तो एलेनामुळे बदलला असं तू म्हणतेस, ते पटत नाही. सहाव्या सीझनच्या शेवटी ‘काय’ नावाचा खलनायक एलेनाला गाढ झोपवतो आणि ती झोप बॉनीच्या आयुष्याला बांधतो. बॉनी जिवंत असेपर्यंत एलेना जागी होणार नाही. बॉनी रक्ताच्या थारोळ्यात पडलेली असते. डेमनने फक्त निघून जायचं होतं, एलेना मिळाली असती. तो परत येतो, कायला मारतो आणि बॉनीला वाचवतो. हवं ते हातात येत असताना दुसऱ्याच्या जिवासाठी तो ते सोडतो. 1994 चा एकच दिवस पुन्हा पुन्हा येणाऱ्या जगात बॉनीबरोबर अडकून पडल्यावर जुळलेल्या मैत्रीने त्याला माणूस केलं.

तेव्हा माझं उत्तर असं: पहिल्या सीझनमध्ये स्टीफन, सहाव्याच्या शेवटी डेमन, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बॉनी.

तू आता सतराची. कॉलेजात कोणी आवडेल, कोणाला तू आवडशील. एवढंच बघ, की त्याला ‘नाही’ म्हटल्यावर तो कसा वागतो. तुझा नकार ज्याला सोसत नाही, तो कितीही देखणा असो, त्याला सोड. आणि तुझ्या मैत्रिणींमध्ये एखादी बॉनी असेलच. तिला आजच फोन कर आणि विचार, तिला काय हवंय.

तुझी,
मावशी